आधी ब्रेक, मग इंजिन

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खाजगी पद्मिनी मात्र सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली अजून उभ्या आहेत. त्यातली एखादी पुन्हा चालू कशी होते ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी कुर्ल्यातलं एक गॅरेज गाठलं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही फियाट याच कुर्ल्यात बांधली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इतिहास एवढा पुरे, कारण तिथल्या मिस्त्रींनी मला थेट एका पद्मिनीच्या मागच्या चाकापाशी बसवलं.

गाडीचे मालक उतावीळ झाले होते. "एकदा सेल्फ मारून बघू या का?"

"नको काका. पिस्टनच्या रिंगा धरल्या असतील, ओरखडे पडतील."

मिस्त्रींनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ते फिरलं. १०८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे, बरंच सोसतं. टाकीतलं पेट्रोल मात्र डिंकासारखं घट्ट झालं होतं. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर उघडला, पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले. तडकलेल्या पाइपातून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग लागू शकते.

मला खिळवून ठेवलं ते व्हील सिलिंडरने. ड्रमच्या आत बसणारा हा छोटासा भाग ब्रेक शू बाहेर ढकलतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, बारीक खड्डे पडतात. मिस्त्री आत करंगळीचं नख फिरवतात. नख अडलं की सिलिंडर बाद, घासून वापरायचा नाही. त्यांच्या या हट्टाबद्दल मला फार आदर वाटला. कारण आवारात ब्रेक उत्तम लागतो, पेडल खाली जातं ते पुलाच्या उतारावर. जुन्या फियाटमध्ये चारही चाकांना तेलाचा मार्ग एकच, त्यामुळे एक चाक गळलं की चारही ब्रेक गेले. उरतो हँडब्रेक, तोही फक्त मागच्या चाकांना.

अडचणी इथूनच सुरू होतात. नवीन म्हणून मिळणारं सिलिंडरचं रबरी वॉशर किट दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असतं. टायरची नक्षी कोरी दिसते, पण बाजूचे चार आकडे वाचायला हवेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीचे पाचही टायर फेकावे लागले. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. शिवाय कागद: १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी. इंजिनापेक्षा या सगळ्यालाच जास्त पैसे आणि जास्त महिने लागतात. मालकांना हे आधी कुणी सांगत नाही आणि अर्धवट उघडलेली गाडी शेवटी भंगारात जाते.

तुमच्या आवारात अशी गाडी असेल तर चावी फिरवू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा, गाडी चालवत नव्हे तर टोइंगच्या ट्रकवर चढवून गॅरेजात न्या, आणि मिस्त्रींना पहिल्यांदा चारही ड्रम उघडायला सांगा.