बॉस्टनची चिठ्ठी: शेंगा, बिअर आणि घड्याळ

बॉस्टन, ऑगस्ट 2025

फेनवे पार्क 1912 सालचं, अमेरिकेतल्या बड्या बेसबॉल मैदानांत सर्वांत जुनं. तिथे शेंगावाला आरोळी देतो आणि आठ-दहा रांगांपलीकडच्या गिऱ्हाइकाकडे पुडी नेमकी फेकतो. पूर्वी नोटा प्रेक्षकांच्या हातोहात त्याच्यापर्यंत यायच्या. आता बऱ्याच मैदानांत रोकड चालतच नाही. टँपा बेच्या संघाने 2019 मध्ये याची सुरुवात केली.

फिरत्या विक्रेत्याची कमाई बहुधा कमिशन आणि बक्षिसीवर. बऱ्याच ठिकाणी काय विकायचं हे ज्येष्ठतेनं ठरतं. जुन्याजाणत्यांना बिअर मिळते, नवख्यानं शेंगा नाहीतर सरबत घ्यायचं. बिअरची पेटी हाती यायला कित्येक उन्हाळे जातात. शिवाय मोसमात संघाचे घरचे सामने 81, म्हणजे एवढ्यावर वर्षभराचं घर चालत नाही.

त्यात 2023 मध्ये गोलंदाजाच्या डोक्यावर घड्याळ आलं. पंधरा-वीस सेकंदांत चेंडू टाकायचा. सामना सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. प्रेक्षक खूश झाले, मीही झालो. पण विक्रेत्याची वीस-पंचवीस मिनिटं गेली, आणि कमिशनवाल्याच्या दृष्टीनं तो पगारच. बिअरविक्री सहसा सातव्या डावानंतर थांबायची. काही संघांनी लगेच ती आठव्यापर्यंत वाढवली.

जुलै 2025 मध्ये फेनवेच्या खाद्यविक्री कामगारांनी डॉजर्स संघाविरुद्धच्या तिन्ही सामन्यांना संप केला. पगारवाढीइतकाच त्यांचा आग्रह होता माणसांऐवजी बिअर देणाऱ्या यंत्रांना आवर घालण्याचा. मला तो आग्रह रास्त वाटतो.

इथे शिकणारी मराठी मुलं विचारतात, हे काम आम्हाला मिळेल का? विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॉलेजबाहेर नोकरी करता येत नाही. तो धोका पत्करू नका.

जागा दाखवणाऱ्यांचं, म्हणजे आपल्या थिएटरातल्या डोअरकीपरांचं, भवितव्य मला विक्रेत्यांपेक्षा अधिक भक्कम दिसतं. तिकीट मोबाइलवर आलं, जागेचा क्रमांकही त्यावरच दिसतो, तरी हे लोक हवेच असतात. त्यांत निवृत्त माणसं पुष्कळ. परवा पाऊस थांबल्यावर पांढऱ्या केसांच्या एका गृहस्थांनी आमच्या खुर्च्या फडक्यानं पुसल्या. मग काठी टेकत आलेल्या एका आजींना हात देऊन ते अरुंद पायऱ्या एकेक करून उतरू लागले. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.