यंत्रमानव आणि त्याच्या शेजारचा माणूस

सोयाबीनच्या सुगीत आपल्या सेनगावच्या शिवारात मळणीयंत्र चालू झाले की त्याची घरघर दूरवर ऐकू येते. त्याच्या तोंडाशी काड लोटणाऱ्या गड्याला धोका समोर दिसत असतो. तरी हात गेलेच, म्हणून १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांपुढे जे यंत्र उभे राहते, त्याची गोष्ट उलटी आहे. ते स्तब्ध असते तेव्हाच त्याची अधिक भीती बाळगावी.

यंत्रमानव म्हटले की दोन पायांचा लोखंडी पुतळा डोळ्यांपुढे येतो. कारखान्यातला यंत्रमानव म्हणजे नुसता एक हात. खांदा, कोपर, मनगट असलेला आणि बुडाशी जखडलेला. असा पहिला हात १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामास लागला. हा हात थांबला म्हणजे बंद पडला असे समजू नये. पुष्कळदा तो पुढच्या खुणेची वाट पाहत असतो. खूण मिळताच तो वेगाने फिरतो. मध्ये माणूस आहे की पत्रा, हे साध्या यंत्राला कळत नाही. २०१५ साली हरियाणात मानेसर येथे सुटलेला पत्रा नीट करावयास जवळ गेलेला कामगार असाच प्राणास मुकला.

म्हणून भोवती जाळीचे कुंपण घालतात. दार उघडले की हात थांबतो. आत जाणाऱ्याने मुख्य खटक्याला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावयाची. काम शिकविताना वेग सेकंदाला पाव मीटरहून अधिक ठेवीत नाहीत, आणि शिकविणाऱ्याच्या हातातली कळ मोठी चतुर असते. ती अर्धी दाबली तरच यंत्र हलते. सोडली तरी थांबते आणि करकचून दाबली तरीही थांबते. घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडतोच असे नाही. कित्येकदा मूठ अधिकच आवळतो!

बजाज ऑटोने २०१० पासून डेन्मार्कचे हलके हात वापरावयास घेतले. पाटीवर मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे, तसे ह्यांना धरून काम शिकविता येते, आणि माणसाचा धक्का लागला तर ते थांबतात. मात्र त्या हातात धारदार पाते दिले, तर त्याचा सौम्यपणा काय कामाचा?

सोपेपणा ही काही चैन नव्हे. दार उघडल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावयास दहा मिनिटे लागत असतील आणि संध्याकाळी नगांचा हिशेब द्यावयाचा असेल, तर कोणीतरी दाराचा खटका तारेने बांधून टाकतो. तोच हात एका कळीने पुन्हा चालू होत असेल, तर तार शोधण्याची गरज कोणास पडत नाही. ती कळ मात्र कुंपणाच्या बाहेर हवी, आणि तेथून आतला कोपरान्‌कोपरा दिसावयास हवा.