कागद फिरवा, वेढा पाहा

हे युद्धचित्र पाहायचं तर कागद गोल फिरवावा लागतो. मधोमध सेंट स्टीफन चर्च, त्याभोवती व्हिएन्नाचा तट आणि तटापलीकडे चहूकडे तंबू, घोडेस्वार, तोफा, जळणारी खेडी. एका बाजूचा हल्ला सरळ दिसू लागला, की पलीकडच्या बाजूचं सैन्य डोक्यावर उभं! न्युरेंबर्गच्या निक्लास मेल्डेमाननं १५३० साली हे चित्र छापलं.

सुलतान सुलेमानच्या फौजेनं आदल्याच वर्षी, सप्टेंबरअखेरीस व्हिएन्नाला वेढा घातला होता. सुरुंग लावून तट फोडायचे प्रयत्न झाले. पण ऑक्टोबरच्या मध्यावर पावसाथंडीनं बेजार झालेली ती फौज माघारी वळली. मग मेल्डेमाननं व्हिएन्ना गाठलं. चर्चच्या सुमारे १३६ मीटर उंच मनोऱ्यावरून एका चित्रकारानं वेढा चितारला होता. ते रेखाटन मेल्डेमाननं विकत घेतलं. चित्र गोल का, ते इथं उमगतं. मनोऱ्यावरचा माणूस जागच्या जागी वळत पाहतो आणि जिकडे वळावं तिकडे शत्रूच असतो.

हे सगळं उतरवायचं होतं सहा लाकडी ठशांवर. जर्मनीत हे काम करणाऱ्या कारागिराला म्हणत ‘फॉर्मश्नायडर’. ठशावर चित्र उलटं असतं. जी रेघ काळी उमटायला हवी ती शाबूत ठेवायची आणि आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं. म्हणजे कारागीर भाला कोरतच नाही. भाल्याच्या दोन्ही अंगांची हवा कोरतो! सुरी जराशी घसरली, तर भाला तुटलाच.

त्यामुळे गर्दी दाखवायची एक नामी युक्ती त्या काळच्या लाकूडठशांत वारंवार दिसते. पुढच्या रांगेतल्या सैनिकांना चेहरे, हात, पाय सगळं मिळतं. मागच्यांच्या नुसत्या टोप्या. त्यांच्याही मागे माणूस नाहीच, फक्त उभ्या भाल्यांच्या समांतर रेघा. डोळा मात्र बिनतक्रार हजारोंची फौज मोजतो.

आता पुन्हा मेल्डेमानचा कागद हाती घ्या. जी बाजू आपल्याकडे वळवाल, तिथला शत्रू समोर सरळ उभा राहील. आणि ज्याच्याकडे आपली पाठ झाली, तोही तटापासून तितकाच जवळ असेल.