पुरवठादार नवा, तारा जुन्याच

मुंबईच्या उपनगरांत घरगुती ग्राहकालाही वीजपुरवठादार बदलता येतो. भारतात ही सोय दुर्मीळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालाने टाटा पॉवरला किरकोळ विक्रीची मुभा मिळाली. २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने तिथल्या जुन्या पुरवठादार रिलायन्सच्या (२०१८ पासून अदानीच्या) तारांवरूनच हा पुरवठा करण्याची वाट मोकळी केली. बिल नव्या कंपनीचे, तारा मात्र जुन्या कंपनीच्या. त्यामुळे केबल बिघडली तर दुरुस्ती तारांच्या मालकानेच करायची असते. कमी दरामुळे असंख्य कुटुंबे टाटांकडे वळली. पुढे पुरवठादार बदलणाऱ्यांवर लागलेल्या क्रॉस-सबसिडी अधिभाराने ही बचत घटवली. म्हणून नुसता युनिटचा दर पाहणे फसवे ठरते. स्थिर आकार, वहन आकार, अधिभार आणि घरातील वापराचा टप्पा एकत्र धरूनच तुलना करावी लागते.