प्रतिसरकार (पत्री सरकार)

भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात भूमिगत कार्यकर्त्यांनी चालविलेली समांतर शासनव्यवस्था. विद्यमान सातारा जिल्हा व सांगली जिल्ह्याचा मोठा भाग हे तिचे कार्यक्षेत्र होते. बंगालमधील तामलुक व संयुक्त प्रांतातील बलिया येथेही १९४२ च्या आंदोलनात अशी सरकारे स्थापन झाली. तथापि सातारचे प्रतिसरकार त्यांत सर्वाधिक काळ टिकले.

पार्श्वभूमी : सत्यशोधक चळवळीमुळे या जिल्ह्यातील शेतकरी समाजात सावकारशाहीविरुद्ध जागृती झाली होती. १९३० मध्ये बिळाशी येथे झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे ग्रामीण जनता राष्ट्रीय चळवळीशी जोडली गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाल्यावर कराड, पाटण, तासगाव इ. ठिकाणच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज (९ सप्टेंबर) व इस्लामपूर (१० सप्टेंबर) येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण हुतात्मा झाले. निःशस्त्र मोर्चांचा मार्ग असा खुंटल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि पुढे त्यांतूनच प्रतिसरकार आकारास आले.

संघटना : क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) हे या चळवळीचे सर्वमान्य नेते होते. तलाठ्याची नोकरी सोडून ते चळवळीत आले होते. त्यांच्या रांगड्या बोलीतील भाषणांचा खेड्यापाड्यांवर विलक्षण प्रभाव होता. किसन वीर, पांडू मास्तर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड प्रभृतींनी विभागवार गट बांधले. कुंडल येथे तुफान सेना हे सशस्त्र दल उभारण्यात आले. कुंडल हे औंध संस्थानात होते. तेथे १९३९ मध्येच ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना लागू झाली होती व संस्थानिकांची चळवळीस सहानुभूती होती. त्यामुळे भूमिगतांना तेथे आश्रय मिळे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीनजीक रेल्वेच्या पगाराची रोकड लुटण्यात आली, तर १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाणे येथे सरकारी खजिन्याचे सु. साडेपाच लाख रुपये हस्तगत करण्यात आले.

कार्य : दरोडेखोर व गावगुंडांचा बंदोबस्त हे प्रतिसरकारचे पहिले काम होय. पोलीस भूमिगतांच्या मागावर असताना गुन्हेगारांना मोकळे रान मिळाले होते. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापून जमिनीचे, देण्याघेण्याचे व कौटुंबिक तंटे अल्प खर्चात मिटविण्यात आले. दारूबंदी, अस्पृश्यतानिवारण, सावकारीस आळा आणि कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ हेही कार्यक्रमात होते. शाहिरांच्या पोवाड्यांनी त्याचा प्रचार केला. निरोप व शस्त्रे पोहोचविणे, भूमिगतांना अन्न देणे ही जोखमीची कामे स्त्रियांनी केली.

खबरे व गुंड यांच्या तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा देण्यात येई. त्यावरून पायाला पत्र्या ठोकतात अशी वदंता पसरली व ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. या शिक्षांच्या क्रौर्यावर टीका झाली. आरोपीस अपिलाची सोय नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तुरुंग वा पोलीसठाणी नसलेल्या शासनापुढे पर्यायही थोडे होते. निवाडे मानले गेले ते केवळ धाकाने नव्हे. गावकऱ्यांचा विश्वास नसता, तर भूमिगतांना तीन वर्षे आसरा मिळता ना.

अखेर व मूल्यमापन : १९४४ मध्ये म. गांधींनी भूमिगतांना प्रकट होण्याचे आवाहन केले. साताऱ्यातील बहुतेकांनी मात्र लढा चालू ठेवला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे मागे घेण्यात आली व चळवळ समाप्त झाली.

प्रतिसरकार साम्यवादी नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील भूमिकेमुळे कम्युनिस्ट पक्षाने १९४२ च्या आंदोलनास विरोधच केला होता. तरीही त्याचे अनेक कार्यकर्ते पुढे शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना पाटील कालांतराने कम्युनिस्ट पक्षात आले व १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. स्वराज्य म्हणजे केवळ राज्यकर्ते बदलणे नव्हे, तर सावकार व गुंड यांच्या जाचातून खेड्याची सुटका, हा या कार्यकर्त्यांचा आग्रह होता. तो स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला, यातच प्रतिसरकारचे ऐतिहासिक महत्त्व आहे.