बौद्धिक दिव्यांग मूल १८ वर्षांचे झाले. आता उपचारांसाठी सही कोणाची?

अचानक चिडचिड, जेवण नाकारणे, रात्रभर जागणे... बौद्धिक दिव्यांग प्रौढांमधील अशी लक्षणे ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिली जातात. प्रत्यक्षात त्यामागे दातदुखी, बद्धकोष्ठता किंवा थायरॉईडचा त्रास असू शकतो. दुखणे शब्दांत सांगता येत नसल्याने निदान लांबते.

घरच्यांनी काय करावे?
वागण्यातला बदल कधी सुरू झाला, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. डाऊन सिंड्रोम असल्यास थायरॉईडची तपासणी नियमित करून घ्या.

रुग्णालयात कोणता हक्क?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २५मध्ये तपासणी आणि उपचारांत प्राधान्याची तरतूद आहे.

संमती कोण देणार?
वयाची १८ वर्षे पूर्ण होताच आई-वडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते. ते पुढे आपोआप सुरू राहत नाही. त्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी या समितीत असतात. पालकाची खरोखर गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे समिती तपासते.

खर्चाचे काय?
नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यात ओपीडीचा खर्चही येतो. वयाची अट किंवा विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. खर्चाची परतफेड होत असल्याने बिले जपून ठेवा आणि दरवर्षी नूतनीकरण करा.

लक्षात ठेवा : पालकत्वाचा अर्ज आणि विमा, दोन्ही आजारपण येण्याआधीच करून ठेवा. पालक नेमलेला असला तरी तपासणीपूर्वी रुग्णाला सोप्या शब्दांत सगळे समजावून सांगा. त्याचे म्हणणेही विचारा.