आकड्यांची चिठ्ठी किती तऱ्हांनी वाचावी?

श्रोतेहो, पाटी-पेन्सिल जवळ घ्या. सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीय' ग्रंथात 'क' ते 'म' या व्यंजनांना क्रमाने १ ते २५ या किमती दिल्या. पुढे तो स्वर लावून प्रचंड संख्या लिही. आपल्याला नुसती ही पंचवीस पुरेत.

आता 'पटकन' हा शब्द आकड्यांत लिहा. प २१, ट ११, क १, न २०. मध्ये जागा सोडली नाही, की चिठ्ठी होते २११११२०. वाचणाऱ्याने २१ चा 'प' धरावा, की २ चा 'ख' आणि १ चा 'क'? निरोप भलताच पोचायचा!

अशी वाचने किती? मुले एकेक लिहीत सुटतात, अन् दोन-तीन निसटतातच. त्यापेक्षा शेवटाकडून बघा. शेवटचे अक्षर एका आकड्याचे असेल, तर त्याच्या अलीकडचा भाग जितक्या तऱ्हांनी वाचता येतो तितक्या तऱ्हा. दोन आकड्यांचे असेल, तर दोन घरे अलीकडच्या. दोहोंची बेरीज करा. जोडी मात्र १० ते २५ मधलीच हवी, आणि एकट्या शून्याला अक्षर नाही.

नुसत्या २ ची तऱ्हा १. २१ च्या २. मग २११ च्या २ अधिक १, म्हणजे ३. पुढे ५, मग ८. सहावा आकडा २. १२ चा 'ठ' होतो, म्हणून ८ अधिक ५, झाले १३. आता शून्य. ते एकटे चालत नाही, तेव्हा २० ही जोडी घ्यावीच लागते, अन् दोन घरे अलीकडचे ८ तेवढे उरतात. चिठ्ठी लांबली, वाचने घटली! गुरुजी, ही गंमत वर्गात जरूर दाखवा.

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येते, हे बाराव्या शतकात हेमचंद्राने याच बेरजेने सांगितले. मागचे उत्तर टिपून पुढचे काढण्याच्या अशा रीतीला १९५० नंतर अमेरिकेतील गणिती रिचर्ड बेलमन यांनी 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' असे भारदस्त नाव दिले. तिचा खरा उपयोग लांब चिठ्ठीत. ओळीने तीस वेळा १ लिहिला, तर वाचने होतात १३,४६,२६९. ती लिहीत कोण बसणार? बेरजा मात्र तिसाच्या आतच.

आणि घोटाळाच नको असेल, तर 'क' साठी ०१ लिहा व दोन-दोन आकडे तोडून वाचा. २१११०१२० चे मग 'पटकन' एवढेच होते.